बेल्ट किती लावायचे हा प्रश्न शेवटचा: फ्लॅटबेड ट्रेलरवर अवघड माल बांधताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चार टनांचं जुनं रेडियल ड्रिलिंग मशीन, दोन मीटर व्यासाची पातळ पत्र्याची रिकामी टाकी आणि उरलेल्या जागेत पाइपांचा जुडगा, हे सगळं एकाच फ्लॅटबेड ट्रेलरवरून न्यायचं आहे. रॅचेटचे (दातेरी हँडलने आवळायचे) 50 मिलिमीटरचे बेल्ट भरपूर आहेत, थोड्या साखळ्याही आहेत. तर कशावर किती बेल्ट टाकायचे?

आकडा देतो, पण त्याआधी बेल्ट नक्की काय काम करतो ते नीट समजून घ्या. बहुतेक अपघात तिथल्याच गैरसमजातून होतात. मालाच्या डोक्यावरून टाकून आवळलेला बेल्ट माल अडवत नाही. तो मालाला खाली दाबतो, एवढंच. दाबल्यामुळे माल आणि ट्रेलरचा डेक यांच्यातलं घर्षण वाढतं, आणि माल जागेवर राहतो तो त्या घर्षणामुळे. खाली घर्षणच नसेल तर वरून कितीही दाबा, उपयोग नाही.

दुसरा गैरसमज बेल्टवरच्या लेबलाचा. लेबलवर एलसी 2500 डॅन असं छापलेलं असतं. डॅन म्हणजे डेकान्यूटन, ढोबळमानाने एक किलो वजनाचा जोर. हा आकडा बघून लोकांना वाटतं की बेल्ट अडीच टनांनी माल दाबतोय. तसं नसतं. अडीच टन ही बेल्ट सरळ ओढला गेला तर त्याने सुरक्षितपणे सोसायची मर्यादा आहे. हाताने रॅचेट आवळून बेल्टमध्ये प्रत्यक्ष जो ताण येतो तो त्याच लेबलवर एसटीएफ या नावाने वेगळा दिलेला असतो, आणि साध्या रॅचेटला तो बहुधा 300 ते 500 डॅन एवढाच असतो. वरून टाकलेल्या बेल्टचा हिशोब याच लहान आकड्यावर करायचा.

आता तुमचं मशीन घ्या. जोराचा ब्रेक लागला की मालाच्या वजनाच्या 0.8 पट जोर पुढच्या दिशेने येतो असं धरतात. वळणावर बाजूला आणि अचानक पुढे निघताना मागे 0.5 पट. युरोपातलं ईएन 12195-1 हे मानक आणि अमेरिकेतले ट्रकवाहतुकीचे नियम, दोन्हींत हेच आकडे आहेत. म्हणजे तुमच्या 4000 किलोच्या मशीनला ब्रेकमध्ये 3200 किलोंचा धक्का पुढे ढकलणार. मशीन जुन्या, धुळीच्या लाकडी फळ्यांवर थेट ठेवलंत तर घर्षणाचा गुणांक (वजनाचा कितवा भाग घर्षण रोखतं तो आकडा) 0.3 च्या वर धरू नये, म्हणजे घर्षण 1200 किलो रोखणार. उरलेले 2000 किलो बेल्टच्या दाबातून आणायचे. 400 डॅन ताणाचा एक बेल्ट दोन्ही बाजूंनी मिळून 800 किलो दाबतो, त्यातून घर्षण मिळतं 240 किलो. भागाकार करा आणि सव्वापट सुरक्षितता धरा: 11 बेल्ट लागतात. तेही बेल्ट दोन्ही बाजूंना अगदी उभे उतरत असतील तर. ते डेकशी 30 अंशांत तिरपे गेले की दाब निम्मा होतो आणि तोच आकडा 21 वर जातो.

आता त्याच मशीनखाली चांगल्या रबरी पट्ट्या घाला. घर्षणाचा गुणांक 0.6 होतो. घर्षणच 2400 किलो रोखतं, बेल्टने द्यायचे राहतात 800, आणि एक बेल्ट आता 480 देतो. सव्वापट धरूनही तीन बेल्ट पुरतात. 11 चे 3. बेल्टच्या गठ्ठ्याआधी रबराचा तुकडा शोधा, असं मी प्रत्येकाला सांगतो ते याचसाठी.

रबरी पट्टी घालताना दोन गोष्टी सांभाळा. पट्टी इतकी जाड हवी की ती दबल्यावरही मालाचा कुठलाही भाग डेकला टेकता कामा नये. आठ-दहा मिलिमीटर लागतेच. आणि मालाखाली लाकडाचे ठोकळे असतील तर रबर ठोकळ्याच्या वरही हवं आणि खालीही. फक्त वर घातलंत तर मशीन ठोकळ्याला घट्ट धरून राहील आणि ठोकळ्यासकट घसरेल. घसरणं नेहमी सगळ्यात गुळगुळीत थरावर होतं. ठोकळे चौरस काटाचे घ्या. आयताकृती असतील तर आडवे ठेवा, उभ्या कडेवर ठेवले की ते लोळतात.

तुमच्या मशीनचा खरा शत्रू मात्र घसरणं नसून कलंडणं आहे. रेडियल ड्रिलला खाली जड बेस, एका टोकाला उभा कॉलम आणि त्यावर आडवा आर्म असतो. आर्म वर राहिला तर गुरुत्वमध्य वर जातो. नियम सोपा आहे: गुरुत्वमध्यापासून बेसच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची. बाजूच्या दिशेने हे उत्तर 0.5 पेक्षा जास्त हवं, पुढच्या दिशेने 0.8 पेक्षा जास्त. कमी आलं तर ती वस्तू घसरण्याआधी कलंडू शकते आणि खालचं रबर तिला वाचवत नाही. समजा बेस एक मीटर रुंद आहे, म्हणजे मधोमध असलेल्या गुरुत्वमध्यापासून कड अर्धा मीटर. गुरुत्वमध्य 1.2 मीटर उंचीवर असेल तर उत्तर 0.42 येतं. अशा स्थितीत निघायचं नाही.

म्हणून उचलण्याआधी आर्म शक्य तेवढा खाली आणा, त्याच्या आणि बेसच्या मध्ये लाकडी ठोकळा घाला, आर्म त्यावर टेकवून क्लॅम्प करा. ड्रिलहेड कॉलमच्या जवळ सरकवून लॉक करा. यानेच गुरुत्वमध्य बराच खाली येतो. तो एक मीटरवर आला तरी उत्तर बरोबर 0.5 येतं, म्हणजे अगदी काठावर. त्यामुळे वरूनही धरावं लागणारच, ते पुढे सांगतो.

मशीन ठेवण्याची दिशाही महत्त्वाची आहे, आणि याकडे फारसं कोणी बघत नाही. बेस ट्रेलरच्या लांबीत ठेवा, आर्म गाडीच्या पुढच्या बाजूला आणि कॉलम मागच्या टोकाला. वजन कॉलमकडे असतं. कॉलम मागे ठेवला की गुरुत्वमध्यापासून बेसच्या पुढच्या कडेपर्यंत भरपूर अंतर मिळतं, आणि सगळ्यात मोठा धक्का पुढेच बसतो. उलटं ठेवलंत तर ब्रेकमध्ये मशीन नाकावर उभं राहायला बघेल. शिवाय कूलंट आणि तेल आधी काढून घ्या. वाटेत बेसखाली तेल झिरपलं तर रबराचा 0.6 तिथेच संपला. तेलकट धातूखाली 0.1 एवढाही भरवसा धरता येत नाही.

आता बांधणं. मशीनवर वरून बेल्ट टाकण्यापेक्षा साखळीने थेट धरणं कितीतरी चांगलं. थेट धरणं म्हणजे साखळीचं एक टोक मशीनच्या अंगाला आणि दुसरं ट्रेलरच्या कडीला. इथे साखळी स्वतः अडवते, त्यामुळे तिची पूर्ण क्षमता कामी येते. बेसच्या चार कोपऱ्यांना फाउंडेशन बोल्टची भोकं असतात. त्यांत शॅकल (बोल्टने बंद होणारी यू आकाराची कडी) अडकवा आणि चार साखळ्या चार दिशांना तिरप्या ओढा. साखळी डेकशी 45 अंशांपेक्षा उभी नको. साखळी जितकी उभी तितकी ती नुसतं दाबते आणि आडवं अडवायचं विसरते. पुढे जाण्यापासून रोखणाऱ्या साखळ्या मागे ओढणाऱ्या असतात, हे डोक्यात पक्कं ठेवा. पुढच्या दोन साखळ्या कितीही जाड असल्या तरी ब्रेकच्या वेळी त्या ढिल्या पडणाऱ्या बाजूच्या आहेत.

8 मिलिमीटरची ग्रेड 80 साखळी 4000 डॅनची असते. ती डेकशी 45 अंशांत आणि ट्रेलरच्या लांबीशी 30 अंशांत ओढली तर मागे ओढायला साधारण 2450 देते. दोन साखळ्यांचे 4900. धक्का 3200 चा, म्हणजे झालं, असं वाटतं. पण साखळी ज्या कडीत अडकवली ती कडी किती सोसते? युरोपातल्या ईएन 12640 मानकाने 12 टनांवरच्या वाहनांच्या कड्यांसाठी 2000 डॅन ही क्षमता धरली आहे. कडी 2000 ची असेल तर तुमची 4000 ची साखळीही 2000 चीच. दोन साखळ्या मिळून मागे ओढणार ते 2450 च्या आसपास, आणि हे 3200 ला पुरत नाही. मग उरलेलं कोण देणार? पुन्हा खालचं रबर. त्याचं 2400 चं घर्षण सावधगिरीने पाऊणपट धरलं तरी 1800 होतं, आणि बेरीज 4200 च्या वर जाते. साखळी, कडी, शॅकल आणि मशीनवरची पकड, यांतला सगळ्यात कमजोर दुवा हाच तुमचा खरा आकडा. त्यामुळे आधी ट्रेलरच्या कड्यांवरची क्षमता वाचा, मग साखळी निवडा.

कलंडण्यासाठी कॉलमच्या वरच्या भागाला, खाली आणलेल्या आर्मच्या वर, दोन मऊ राउंड स्लिंग (कापडी गोल पट्टे) गुंडाळा आणि त्यांतून डावी-उजवीकडे एकेक साखळी खाली घ्या. घासलेल्या, तेल लावलेल्या कॉलमवर साखळी थेट गुंडाळू नका. कॉलमवर ओरखडे पडतील आणि साखळी सरकून खालीही येईल. हँडल, शाफ्ट, मोटर, पत्र्याची कव्हरं यांना काहीही बांधायचं नाही. ती धरण्यासाठी केलेलीच नाहीत.

एकाच दिशेला एक बेल्ट आणि एक साखळी अशी जोडी कधी लावू नका. पॉलिएस्टरचा बेल्ट पूर्ण भाराखाली काही टक्के लांबतो (मानकात सात टक्क्यांपर्यंत चालतं), साखळी जवळपास लांबत नाही. धक्का आला की सगळा भार आधी साखळीवर जातो आणि ती तुटल्यावर मग बेल्टवर. दोघांची बेरीज कागदावरच राहते.

टाकीचं गणित वेगळं आहे. वजन कमी, आकार मोठा, अंग पातळ, आणि ती लोळते. तिचा अक्ष ट्रेलरच्या लांबीत ठेवा, म्हणजे लोळण्याचा धोका बाजूच्या 0.5 च्या धक्क्यापुरता राहतो. आडवी ठेवली तर ब्रेकचा 0.8 तिला लोळवायला मिळेल. बाजूला लोळू नये म्हणून लावलेल्या ठोकळ्याची कड टाकीला किती उंचीवर टेकते, त्यावर सगळं ठरतं. 0.5 च्या धक्क्याला ती उंची निदान त्रिज्येच्या दहाव्या भागाहून थोडी जास्त हवी. तुमच्या एक मीटर त्रिज्येला साडेदहा-अकरा सेंटिमीटर. टाकी आडवी ठेवली असती तर 22 लागले असते. ही नुसती भूमितीची किमान मर्यादा आहे. रस्त्यावर खड्डा आला की टाकी उसळते आणि किमान मर्यादा ओलांडते. मी 45 अंशांवर टेकणारी खोगिरं करायला सांगतो. एक मीटर त्रिज्येला टेकण्याची उंची साधारण 29 सेंटिमीटर येते. जाड फळीतून टाकीच्या गोलाईचा काप काढा, डाव्या-उजव्या भागांना टाकीखालून आडव्या लाकडाने जोडा. सुट्या पाचरा ठोकल्या तर टाकीचं वजन त्यांना बाहेर ढकलतं आणि त्या फाकतात. जोडलेलं खोगीर फाकत नाही. खोगिराखाली आणि खोगीर व टाकीच्या मध्ये रबर.

पातळ पत्र्याच्या टाकीवर बेल्ट जोर लावून आवळायचा मोह टाळा. पत्रा आत बसतो, बेल्ट त्या क्षणी घट्ट वाटतो, आणि दोन-चार खड्ड्यांनंतर पत्रा आणखी बसून बेल्ट लोंबायला लागतो. बेल्ट घ्यायची जागा म्हणजे झाकणाचं टोक आणि अंगाचा पत्रा जिथे जोडलेत ती वेल्डिंगची गोलाई, किंवा बाहेरून बसवलेली मजबुतीची कडी. तिथे टाकी दबत नाही, आणि खोगिरंही नेमकी त्याच जागांखाली घ्या. टाकीला पुढे जाण्यापासून रोखायला बेल्ट तिच्या पुढच्या तोंडावरून आडवा घ्या आणि दोन्ही टोकं मागच्या कड्यांकडे ओढा. तो खाली घसरू नये म्हणून तोंडापुढे एक पॅलेट उभी करून त्यावरून न्या. असाच बेल्ट मागच्या तोंडावरूनही उलट दिशेने. वाऱ्याचा विचार इथे करावाच लागतो. हलकी, मोठी टाकी उघड्या पुलावर आडव्या वाऱ्याला मोठं अंग देते, म्हणून वरून जाणारे निदान दोन बेल्ट तिच्यावर हवेतच, मग हिशोब काहीही सांगो.

एक कळकळीची विनंती. सोयीसाठी टाकीला कड्या वेल्ड करायचा विचार मनात आला असेल तर टाकीत आधी काय साठवलं होतं ते खात्रीने कळल्याशिवाय आणि ती रीतसर साफ झाल्याशिवाय ठिणगी जवळ नेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असू शकते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात.

पाइपांचं लवकर सांगतो. जुडग्यावरून नुसता टाकलेला बेल्ट बाहेरचे पाइप धरतो, मधले नाही, आणि ब्रेकमध्ये मधला पाइप भात्यातल्या बाणासारखा निघतो. बेल्टचा पूर्ण वेढा जुडग्याभोवती घ्या, मग टोक कडीला न्या. एक वेढा डावीकडून, पुढचा उजवीकडून. लांब पाइप खाली, आखूड वर. पुढची टोकं हेडबोर्डला (डेकच्या पुढच्या टोकाच्या उभ्या भिंतीला) टेकलेली हवीत, मध्ये फट असेल तर लाकडाने भरा. तेल लावलेले पाइप असतील तर थरांच्या मध्ये लाकूड घाला.

वजन कुठे ठेवायचं, हा प्रश्न या सगळ्याच्या आधी सुटायला हवा. मशीन ट्रेलरच्या अगदी शेवटी ठेवलं तर ट्रॅक्टरवरचा, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीवरचा, भार हलका होतो आणि पुढची पकड जाते. अगदी पुढे ठेवलं तर ट्रॅक्टरचा मागचा ॲक्सल जास्त भरतो. त्यामुळे ते हेडबोर्डला टेकवणं बहुधा जमत नाही आणि म्हणूनच वरची साखळ्यांची मेहनत करावी लागते. मशीनचा बेस डेकच्या फळ्यांवर नको, खालच्या आडव्या बीमवर भार जाईल असा लांब लाकडांवर घ्या.

निघण्यापूर्वी बेल्ट एकेक करून बघा. लेबल वाचता येत नसेल, कडेला काप असेल, कुठे वितळून कडक झालं असेल तर तो बेल्ट बाजूला. गाठ मारलेला बेल्ट अजिबात नको; गाठीने निम्म्याहून अधिक ताकद जाऊ शकते. धारेवरून जाणाऱ्या प्रत्येक जागी कोपऱ्याचं गार्ड हवं. ते बेल्ट कापण्यापासून वाचवतं आणि बेल्ट कोपऱ्यावरून सरकून ताण दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. रॅचेटच्या फिरणाऱ्या अक्षावर बेल्टचे निदान दीड आणि जास्तीत जास्त तीन वेढे. रॅचेट सगळे एकाच बाजूला लावू नका, कारण रॅचेटच्या बाजूला ताण जास्त येतो. एक इकडे, एक तिकडे. हँडलला पाइप लावून जोर करायचा नाही, बेल्टच्या रॅचेटलाही नाही आणि साखळीच्या लिव्हर बाइंडरला (साखळी ताणायच्या लांब दांड्याच्या साधनाला) तर मुळीच नाही. तो उलटा फिरला की जबडा फोडतो. शक्य असेल तर साखळीला रॅचेटने आवळायचा बाइंडरच घ्या.

मग खडूने मशीनच्या बेसभोवती आणि खोगिरांभोवती डेकवर रेघ मारा. मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगात दोन-तीनदा ब्रेक लावा आणि उतरून रेघ बघा. बेस रेघेच्या आत-बाहेर बोटभर जरी सरकला असेल तर निघू नका, खालचं रबर पुन्हा तपासा. रस्त्यावर लाकूड बसतं, पत्रा दबतो, बेल्ट लांबतो. अमेरिकेतल्या नियमांत पहिल्या 50 मैलांच्या, म्हणजे 80 किलोमीटरच्या आत एकदा आणि पुढे दर 150 मैलांना किंवा तीन तासांना, जे आधी येईल तेव्हा, तपासायला सांगितलं आहे. टाकीसारखा माल असेल तर पहिली तपासणी मी दहा-पंधरा किलोमीटरवरच करायला सांगेन, कारण सगळ्यात जास्त ढिलाई तेवढ्यातच येते.

उतरवताना पहिला बेल्ट सोडण्यापूर्वी ट्रेलरभोवती फेरी मारा. माल कुठे रेललाय का, कुठला बेल्ट एकटाच ताणलेला आहे का, ते बघा. ट्रेलर उताराला उभा असेल तर आधी सपाट जागी न्या. टाकीचे बेल्ट क्रेनचा हूक स्लिंगमध्ये बसून वजन घेतल्यावरच सोडायचे, आणि सोडणाऱ्याने टाकीच्या बाजूला नाही, तोंडाकडे उभं राहायचं. मशीनच्या कॉलमच्या साखळ्या सगळ्यात शेवटी.